रशियन आयकॉन रंगवण्याचा संच: फळी उत्तम, माहितीपत्रक घाईचं

रशियन आयकॉन, म्हणजे लाकडी फळीवरचं धार्मिक चित्र, रंगवण्याचा हा संच उघडला की आधी फळी उलटी करून पाहावी. लिंडेनचं लाकूड आहे, आकार २० बाय २५ सेंटिमीटर, आणि मागे आडव्या खाचांत बसवलेल्या ओकच्या दोन पट्ट्या. रशियन कारागीर त्यांना श्पोन्की म्हणतात. त्या चिकटवलेल्या नाहीत, खाचेत सरकतात, आणि तसंच हवं. हवेतल्या ओलाव्याने लाकूड फुगतं-आकसतं. पट्टी सरसाने जखडली तर फळीला चीर जाते. पुढच्या बाजूचा मधला भाग कोरून किंचित खोलगट केला आहे. हा कोव्चेग, आणि त्याच्या कडा स्वच्छ उतरल्या आहेत.

पांढरं अस्तर, म्हणजे लेव्कास, ही संचाची सर्वात जमेची बाजू. खडूची भुकटी आणि प्राणिज सरस यांचे पातळ थर, खाली लिननचं कापड. सरस जास्त झाला की केसासारख्या भेगा पडतात; कमी झाला की अस्तर भुसभुशीत होऊन रंग शोषून घेतं. इथे दोन्ही दोष नाहीत. कोपरा दुखावला तर डागडुजीसाठी सरस आणि खडूच्या पुड्या दिल्या आहेत. एक भाग सरस दहा भाग थंड पाण्यात रात्रभर भिजवावा आणि गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून ६० अंशांच्या आतच वितळवावा. उकळला की त्याची पकड जाते. खडू मिसळताना घुसळू नये, बुडबुड्यांची टाचणीएवढी भोकं अस्तरात राहतात.

रेखाटनासाठी झ्वेनिगोरोदच्या तारणाऱ्या ख्रिस्ताची प्रोरीस, म्हणजे बाह्यरेषांची प्रत आहे. मध्ययुगीन रशियन चित्रकार आंद्रेई रुब्ल्योव्हची मानली जाणारी ही आयकॉन १९१८ मध्ये सापडली आणि आता मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. मूळ चित्रात चेहरा आणि वस्त्राचा थोडाच भाग उरला आहे. प्रतीत उरलेल्या रेषा सलग आणि नंतर भरलेल्या तुटक दाखवल्या आहेत. हा प्रामाणिकपणा फार मोलाचा. रशियन चर्चच्या १५५१ च्या स्तोग्लाव धर्मसभेने जुन्या नमुन्यांवरून, रुब्ल्योव्हसारख्यांवरून, चित्रं काढायला सांगितलं होतं. नमुना कुठे संपतो हे शिकणाऱ्याला कळलंच पाहिजे.

माहितीपत्रक मात्र इथून पुढे घसरतं. रंग अंड्याच्या बलकात कालवतात, आणि त्या बलकाचा पापुद्रा काढायचा असतो, हे त्यात लिहिलेलंच नाही. बलक तळहातावर कोरडा करावा, पापुद्रा टोचून फक्त आतला द्रव घ्यावा, त्यात तेवढीच कोरडी पांढरी वाइन घालावी. रंगात बलक जास्त झाला तर थर चकाकतो आणि पुढे तडकतो, कमी पडला तर सुकल्यावर बोटाला रंग लागतो.

त्याहून मोठी चूक चेहऱ्याची. पत्रक आधी त्वचेचा फिका रंग भरून मग सावल्या द्यायला सांगतं. रशियन पद्धत नेमकी उलटी आहे. आधी ऑकर (पिवळसर मातीचा रंग), हिरवी माती आणि थोडा काळा मिसळून गडद ऑलिव्ह रंगाचा सांकिर, मग त्यावर ऑकरचे पातळ, क्रमाने उजळ होणारे थर, आणि शेवटी पांढऱ्या बारीक रेषा. उजेड अंधारातून वर येतो. क्रम उलटला की साधं व्यक्तिचित्र उरतं. लागणारे सगळे रंग संचात आहेत, त्यामुळे पत्रक बाजूला ठेवून योग्य क्रम पाळता येतो.

सोन्याचा वर्ख खरा आहे, पण सोबत फक्त झटपट सुकणारा गोंद आहे. त्यावर अगेटच्या गुळगुळीत दगडाने घासून झळाळी आणता येत नाही. त्यासाठी पोलिमेंट, म्हणजे तांबूस चिकणमातीचा थर लागतो. तो वेगळा घ्यावा.

ओलिफा, म्हणजे शिजवलेलं जवसाचं तेल, दुसऱ्याच दिवशी लावा असं पत्रक म्हणतं. असं करू नका. अंड्यातला रंग काही मिनिटांत कोरडा वाटतो, पण आतून घट्ट व्हायला आठवडे लागतात, आणि तळहाताखाली निघून येतो. किमान महिनाभर थांबा. मग आयकॉन सपाट ठेवून कोमट ओलिफा ओता, हाताने पसरवा, पुढचे काही तास अधूनमधून सारखी करत राहा आणि दाटू लागताच जादा थर तळहाताच्या कडेने काढून घ्या. राहिली तर सुरकुत्या पडतात. वर धूळ बसणार नाही असं झाकण हवंच.

प्रोरीसवर येशू ख्रिस्ताच्या नावाची संक्षिप्त अक्षरं आहेत, प्रभावलयातली तीन ग्रीक अक्षरं मात्र नाहीत. परंपरेत नाव लिहिल्याशिवाय आयकॉन पूर्ण होत नाही. म्हणून ती अक्षरं जुन्या नमुन्यावरून उतरवून घ्यावीत, आणि ओलिफा लावण्याआधी.