मॉनिटर कॅलिब्रेशनच्या नावाखाली ३५०० गेले, नीट वाचा

मी नाशिकला लग्नाचे फोटो करतो, एडिटिंग घरीच. मागच्या सीझनला रात्री उशिरापर्यंत बसून डोळे चुरचुरायचे आणि प्रिंटचे कलर पण जुळेनात, म्हणून घरी येऊन मॉनिटर कॅलिब्रेट करून, म्हणजे स्क्रीनचे रंग यंत्राने मोजून बरोबर लावून देणाऱ्या एकाला बोलावलं. ३५०० रुपये. आला, मॉनिटर चालू केला न केला तोच माऊससारखं काहीतरी स्क्रीनवर लटकवलं, पाच मिनिटांत काढलं, एक प्रोफाईल (त्या मॉनिटरचे रंग कसे दुरुस्त करायचे ते कॉम्प्युटरला सांगणारी फाईल) टाकली आणि पैसे घेऊन गेला. स्क्रीन पिवळट वाटतेय म्हटलं तर म्हणे दादा, हेच खरे कलर, सवय होईल.

मी विश्वास ठेवला आणि त्याच स्क्रीनवर अख्खा अल्बम केला. पिवळं दिसतंय म्हणून प्रत्येक फोटोत निळं वाढवत गेलो, ब्राइटनेस त्याने १०० वरच ठेवलेला त्यामुळे काळपट फोटो पण उजळच दिसायचे. लॅबमधून अल्बम आला तर नवरीचा चेहरा निळसर काळा आणि हळदीच्या फोटोत हळदच हळदीसारखी दिसेना. तिच्या आईने विचारलं, आमची पोरगी आजारी होती का हो त्या दिवशी? फार वाईट वाटलं मला. परत छापायला ११००० खिशातून घातले.

मग एक मित्र स्वतःचा कलरीमीटर (स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र) घेऊन आला. बघितलं तर ती प्रोफाईल भलत्याच मॉडेलची, तारीख २०१९ ची, आणि माझा मॉनिटर घेतलाय २०२२ ला! अरे एकाच मॉडेलचे दोन मॉनिटर पण सारखे नसतात, दुसऱ्याची प्रोफाईल काय कामाची? आणि खरं माप घेताना सेन्सरखालचा चौकोन सारखा रंग बदलत राहतो, माझ्याकडे तसं काहीच झालं नव्हतं, म्हणजे ते यंत्र नुसतं दाखवायला.

मित्राने आधी नाइट लाइट (रात्री स्क्रीन पिवळी करणारी सेटिंग) बंद केला, मॉनिटर अर्धा तास तापू दिला, मग पांढऱ्या रंगाची छटा ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या टोनचा उजळपणा) २.२ आणि ब्राइटनेस १२० कँडेला लावला, आधी मीटरवर २८० च्या वर होता, डोळे दुखणारच ना. डिस्प्लेकॅल सॉफ्टवेअर फुकट आहे, फक्त मीटर लागतो, तो दोघातिघांत मिळून घेतला तरी चालतो.

कोणी घरी आलाच तर यंत्राची यूएसबी खरंच लावलीय का बघा, आणि आजच्या तारखेची प्रोफाईल आणि डेल्टा ई चा (रंग किती चुकतोय ते सांगणाऱ्या आकड्याचा) रिपोर्ट हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. माझा फोन तो ३५०० वाला अजून उचलत नाहीये.