रताळी: कुकरमध्ये की झाकणाखालच्या तव्यावर?

बेळगाव-खानापूर भागातल्या तांबड्या मातीतली रताळी बाजारात आली की तोंडी लावायला ती करायची कशी, हा प्रश्न घरोघरी निघतोच.

कुकर सोपा. दोन शिट्ट्या, साल ओढली, तिखट-मीठ भुरभुरलं, झालं. उपवासाच्या सकाळी घाई असेल तर तोच बरा. पण पाण्यात बुडवून उकडलेलं रताळं पचपचीत लागतं, गोडीही थोडी पाण्यात उतरते.

मी तव्याच्या बाजूची. बोटभर जाड काप, बिडाचा तवा, चमचाभर तूप, अगदी मंद आच, वर झाकण. रताळ्यातलं विकर (एन्झाइम) साधारण 60 ते 75 अंश सेल्सिअसच्या दरम्यान पिष्टाची (स्टार्चची) माल्टोज साखर करतं. मंद आचेवर त्याला वेळ मिळतो. कुकरमध्ये उष्णता झपाट्याने चढते आणि काम अर्धवट राहतं. झाकणाखाली कापांना घाम सुटतो. सुरी सहज शिरली की झाकण काढायचं, मग कडा तपकिरी नि चिकट होतात. गूळ हवाच असेल तर अगदी शेवटी घाला, नाहीतर करपतो. आमटी-भाकरीबरोबर मला मात्र नुसतं मीठ, मिरपूड आणि लिंबूच आवडतं.