आयकर रिटर्न फुकटात भरायचं, पण कुठून?

जूनच्या मध्यावर फॉर्म १६ (पगार आणि त्यातून कापलेला कर दाखवणारा कंपनीचा दाखला) हातात पडला की आमच्या ऑफिसात डबे उघडताना दरवर्षी एकच विषय निघतो: "तू कुठून भरतोस?" पगार, एखादं घर, बँकेचं व्याज एवढाच पसारा असलेल्यांसाठी, म्हणजे 'सहज' उर्फ आयटीआर-१ वाल्यांसाठी, हे लिहितोय. पैसे न देता भरायचे चार मार्ग मी कधी ना कधी चोखाळलेत: आयकर पोर्टलवर थेट ऑनलाइन, तिथूनच संगणकावर उतरवून घ्यायचं सॉफ्टवेअर म्हणजे ऑफलाइन युटिलिटी, खासगी साइटवरची 'फ्री' सोय, आणि ओळखीचा माणूस.

ओळखीच्या माणसाचं आधी उरकतो. तो पैसे घेत नाही, त्यामुळे त्याच्यामागे तगादाही लावता येत नाही. माझ्या सासऱ्यांचं रिटर्न एक गृहस्थ वर्षानुवर्षं मायेनं भरत आले. पुढे आम्ही स्वतः लॉगिन करायला बसलो, तर पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल त्या गृहस्थांचाच. ओटीपी त्यांच्या फोनवर, ते गावी, आणि गावात रेंज नाही. तुमच्या घरात कुणाचं असं असेल तर आधी प्रोफाइलमधला नंबर आणि ईमेल बदलून घ्या, रिटर्नचं मग बघू.

ऑफलाइन युटिलिटीबद्दल मला तक्रार नाही, फक्त आयटीआर-१ साठी ती जरा जास्तच वाटते. आधीच भरलेल्या माहितीची जेसन फाइल उतरवायची, युटिलिटीत घ्यायची, भरायचं, तपासायचं, पुन्हा वर चढवायचं. मध्येच नवी आवृत्ती आली तर ती टाकून घ्यायची. नेट धड चालत नसेल किंवा घरातल्या चार-पाच जणांची रिटर्नं एकहाती भरायची असतील तर ती बरी पडते. माझा चुलतभाऊ तिच्याशिवाय दुसरं काही वापरत नाही. प्रत्येकाचा फोल्डर, फोल्डरात वर्षवार फाइली. असा नीटनेटकेपणा अंगात असेल तर जरूर वापरा.

आता खरी चुरस: खासगी साइट की पोर्टल? खासगी साइट दिसायला देखणी असते, हे कबूल. फॉर्म १६ ची पीडीएफ टाकली की पगाराचे आकडे आपोआप बसतात. "तुम्ही भाड्यानं राहता का?", "आरोग्य विमा आहे का?" असे साधे प्रश्न येतात आणि आपण पुढे-पुढे दाबत जातो. पहिल्यांदा रिटर्न भरणाऱ्याला त्यानं धीर येतो. मीही दोन वर्षं तसंच भरलं आणि मजेत होतो.

तिसऱ्या वर्षी एफडीचं व्याज ४६,२०० रुपये झालं. बँकेनं दहा टक्क्यांनी ४,६२० रुपये टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच कापून घ्यायचा कर, कापला होता. मी जुन्या (बहुतेक वजावटी मिळतात त्या) कररचनेत, २० टक्क्यांच्या टप्प्यात. सेस (करावरचा उपकर) धरून आणखी पाचेक हजार भरावे लागतील असा माझा अंदाज होता. साइट म्हणाली, चौदा हजारांच्या वर भरा. वर भरायची रक्कम दहा हजारांपलीकडे गेल्यामुळे आगाऊ कर न भरल्याचं व्याजही लावलेलं. अर्धा तास डोकं खाजवल्यावर लक्षात आलं, की एफडीचं व्याजच दोनदा धरलंय. एआयएसमध्ये, म्हणजे आपलं वर्षाचं उत्पन्न आणि व्यवहार दाखवणाऱ्या पोर्टलवरच्या विवरणात, असं व्याज दोन ठिकाणी दिसू शकतं: एकदा टीडीएसच्या नोंदीत, एकदा बँकेनं आयकर खात्याला स्वतंत्रपणे कळवलेलं. साइटनं दोन्ही आकडे उचलून बेरीज केली होती.

चूक माणसाकडूनही होते. त्याचा राग नाही आला. राग आला तो ती दुरुस्त करायला गेल्यावर. प्रश्नोत्तरांच्या त्या वाटेत "इतर उत्पन्न" असा एकच एकूण आकडा होता आणि तो कशातून बनला ते कुठेच दिसत नव्हतं. मागे गेलो की पुन्हा पहिल्यापासून प्रश्न. पूर्ण फॉर्म बघायचा म्हटलं तर "तज्ज्ञांची मदत घ्या" असं बटण, आणि त्या बटणामागे दरपत्रक. म्हणजे सगळं बरोबर असेल तोवर फुकट. त्या रात्री लॅपटॉप मिटला आणि दुसऱ्या दिवशी पोर्टलवर पहिल्यापासून भरलं. तेव्हापासून तिथेच भरतोय. सगळ्याच साइट अशा नसतील. एव्हाना त्याही साइटनं ही गोष्ट सुधारली असेल. पण माझ्या मनात अढी बसली ती बसलीच.

पोर्टलवरचा फॉर्म दिसायला रुक्ष आहे. पाच कप्पे: वैयक्तिक माहिती, एकूण उत्पन्न, वजावटी, भरलेला कर, देय कर. एकेक उघडायचा, आतले आकडे बघायचे, कन्फर्म करायचं. व्याज बचत खात्याचं वेगळं, ठेवींचं वेगळं, प्रत्येकाची आपली ओळ. चुकीची ओळ दिसली की तिथल्या तिथे बदलायची किंवा उडवायची. मला एवढंच हवं होतं. इथेही भरून आलेल्या आकड्यांवर डोळे मिटून विसंबू नका. फॉर्म १६, २६एएस (आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा) आणि एआयएस शेजारी उघडे ठेवा. दुहेरी नोंदीची शंका असेल तर एआयएसचा गोषवारा, म्हणजे टीआयएस, बघा. तिथे ती बहुधा एकदाच धरलेली असते.

पोर्टलवर दोन ठिकाणी मी स्वतः अडखळलोय. एक, कररचनेचा प्रश्न उलटा विचारलाय: नव्या रचनेतून बाहेर पडायचंय का? जुनी हवी असेल तर उत्तर "हो". घाईत "नाही" दाबलं की ८० सी (विमा, पीपीएफ वगैरेंची वजावट) हिच्यासकट बहुतेक वजावटी गेल्या. दुसरं, २०२५-२६ या करनिर्धारण वर्षापासून (म्हणजे २०२४-२५ च्या उत्पन्नापासून) जुन्या रचनेतल्या वजावटींना नुसता आकडा चालत नाही, पॉलिसी क्रमांकासारखे तपशीलही मागतात. कागद आधीच काढून ठेवा, नाहीतर मध्येच उठून कपाट उपसावं लागतं.

एप्रिलमध्येच भरून मोकळं व्हायची हौस असेल तर जरा थांबा. जानेवारी ते मार्चचं टीडीएस विवरणपत्र भरायला कर कापणाऱ्याला ३१ मेपर्यंत मुदत असते, त्यामुळे जूनआधी पोर्टलवरची माहिती अर्धवट असू शकते. पण ३१ जुलैच्या आत आटपा. मुदत उलटली की जुनी कररचना निवडता येत नाही, वर पाच हजार विलंब शुल्क (उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर एक हजार).

शेअरवाल्यांचा प्रश्न येणारच. सूचीबद्ध शेअर आणि इक्विटी फंडांवरचा दीर्घकालीन नफा सव्वा लाखापर्यंत असेल तर करनिर्धारण वर्ष २०२५-२६ पासून आयटीआर-१ चालतो. वर्षभर खरेदी-विक्री करत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे ब्रोकरचं स्टेटमेंट थेट ओढून घेणारी खासगी साइट पैसे देऊनही परवडेल, आणि मी तुम्हाला अडवणार नाही.

कुठूनही भरा, ई-व्हेरिफाय (रिटर्न आपलंच असल्याची ऑनलाइन खातरजमा) त्याच बैठकीत आधार ओटीपीनं करून टाका. मुदत ३० दिवसांची असते. मी एकदा "उद्या करू" म्हणून ठेवलं होतं ते एकोणतिसाव्या दिवशी, एसटीत उभ्या उभ्या केलं.