घडीचा बेबी टब: बुचाच्या रंगावर विसंबू नका

बारशाच्या भेटींत हल्ली हमखास येणारी वस्तू म्हणजे घडीचा बाथटब. कडक प्लॅस्टिकची चौकट, मधे रबरासारखा मऊ पट्टा, दुमडणारे पाय, तळाला रंग बदलणारं बूच आणि वर अडकवायची गादी. साधारण हजार-दोन हजारांत मिळतो. टब कामाचा आहे. पण ज्या दोन गोष्टी दाखवून तो विकला जातो, त्याच त्याच्यातल्या सर्वांत कच्च्या.

आधी बूच. पाणी साधारण 37-38 अंशांच्या वर गेलं की ते फिकट पडतं, पण त्याला कळतं ते फक्त त्याला लागून असलेलं पाणी. गरम पाणी दुसऱ्या टोकाला ओतून ढवळलं नाही, तर तिकडे पाणी कढत आणि बूच मात्र होतं त्याच रंगाचं! म्हणून आधी गार पाणी, मग गरम, तळापर्यंत ढवळायचं आणि कोपर बुडवून बघायचं. कोपराला कोमट लागलं की पुरे. पाणी गार झालं तरी बाळ आत असताना वरून गरम पाणी घालू नये.

गादी तर सरळ काढून ठेवा. ती तरंगते, त्यामुळे बाळ एका अंगाला कलंडतं. शिवाय पाणी पिऊन बसते आणि पावसाळ्यात वाळतच नाही, मग बुरशी. त्याऐवजी तळाला मऊ सुती दुपटं पसरावं, बूड घसरत नाही. डावा हात मानेमागून नेऊन बाळाचा पलीकडचा दंड काखेपाशी धरायचा आणि उजव्या हाताने धुवायचं. पाणी चार बोटं, म्हणजे 7-8 सेंटिमीटर, त्याहून जास्त नको. टॉवेल आधीच हाताशी हवा. तो आणायला क्षणभरही बाळाला टबात सोडून जायचं नाही.

पायांचे चारही खटके बसलेत का, हे दर वेळी दाबून बघावं. टब जमिनीवरच ठेवायचा, ओट्यावर किंवा पलंगावर नाही.

घेण्याची घाई मात्र नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शनानुसार पहिली आंघोळ जन्मानंतर किमान 24 तास पुढे ढकलावी. नाळ गळून बेंबी सुकेपर्यंत, म्हणजे बहुधा पहिला ते दुसरा आठवडा, ओल्या फडक्याने पुसून घेणंच बरं. तोवर टब कोपऱ्यातच राहणार. बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

पाटावर बसून पायांवर पालथं घेऊन न्हाऊ घालण्याची आपली रीत एका बाबतीत सरस आहे: पाणी साचत नाही, मळ वाहून जातो. पण तिला सराईत हात लागतात आणि सिझेरियन झालेल्या आईला ते जमत नाही. नाकाकानांत तेल सोडणं, छाती पिळणं, शेवटी धुरी देणं हे प्रकार तर बंदच हवेत. टबाबरोबर ते आपोआप सुटले तर तेवढाच फायदा. बाबालाही एकट्याने जमतं, हे वेगळंच.

आणखी एक जमेची बाजू म्हणजे टब उचलून कुठेही नेता येतो. न्हाणीघरात गॅस गीझर असेल तर दार लावून आंघोळ घालणं धोक्याचं, त्यातून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. अशा घरात टब खोलीत आणावा, पंखा बंद करावा आणि पाच मिनिटांत आटपावं. आधी चेहरा नुसत्या पाण्याने, मग गळ्याच्या, काखेतल्या, मांड्यांच्या वळ्या, शेवटी डोकं. सौम्य क्लेन्झर लावायचाच तर अगदी शेवटी, थेंबभर, नाहीतर बाळ साबणाच्या पाण्यात बसून राहतं.

डाळीचं पीठ या टबात नकोच. त्वचेला ते खरखरीत लागतं आणि तेलाबरोबर मऊ पट्ट्याच्या घड्यांत जाऊन काळं धरतं. पाणी बुचातून सोडल्याशिवाय टब उचलू नये. धुऊन, पट्टा पूर्ण ताणून, उघडाच वाळवावा. ओला मिटून भिंतीला टेकवला की घड्यांमध्ये चिकट थर धरायला फार दिवस लागत नाहीत.