युनेस्कोची अमूर्त वारशाची वेबसाइट: व्हिडिओ बघून थांबू नका

गाणी, नाच, हातची कारागिरी, सण, तोंडी चालत आलेलं ज्ञान, असं जे माणसांच्या अंगात आणि आठवणीत राहतं, ते जपण्यासाठी जगभरातल्या देशांनी मिळून एक करार केला आहे. त्या कराराचे बहुतेक सगळे कागद युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या वेबसाइटवर कुणालाही मोफत वाचता येतात. लोककलाकारांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका लहान गटात मी काम करते आणि ही साइट माझ्या नेहमीच्या वापरातली आहे. मत आधीच सांगून टाकते: या विषयात थोडाही जीव असेल तर ही साइट वापरायलाच हवी. पण मी पाहिलंय, बहुतेक जण ती अर्धीच वापरतात.

या करारानुसार नोंदलेल्या प्रत्येक परंपरेचं साइटवर स्वतंत्र पान आहे. वर थोडक्यात वर्णन, मग दहा फोटो, मग साधारण दहा मिनिटांचा व्हिडिओ. लोक व्हिडिओ बघतात, हरखतात आणि पुढच्या पानावर जातात. हा व्हिडिओ त्या त्या देशाने अर्जासोबत पाठवलेला असतो, त्यामुळे त्यात सगळं गोजिरं दिसणारच. खरा ऐवज त्याच पानावरच्या कागदांत असतो: मूळ अर्ज, त्या समाजाची संमतीपत्रं, त्या परंपरेची देशातल्या सूचीतली नोंद, नोंदी मंजूर करणाऱ्या देशांच्या समितीचा निर्णय आणि पुढे काही वर्षांनी आलेले अहवाल. मला ही साइट मोलाची वाटते ती या कागदांमुळे.

पार्श्वभूमी थोडक्यात. करार 17 ऑक्टोबर 2003 रोजी पॅरिसमध्ये संमत झाला, 20 एप्रिल 2006 पासून लागू झाला आणि आज 180 हून अधिक देश त्यात आहेत. नोंदी तीन ठिकाणी होतात. तातडीने जपण्याची गरज असलेल्या परंपरांची एक यादी, जगभरातल्या परंपरांची विविधता दाखवणारी प्रातिनिधिक यादी ही दुसरी आणि जपणुकीच्या चांगल्या उपक्रमांची एक नोंदवही. नवीन माणसाचा गोंधळ होतो तो सालांमुळे. असंख्य पानांवर 2008 हेच साल दिसतं. कारण असं की करार लागू होण्याआधी 2001, 2003 आणि 2005 अशा तीन खेपांत 90 परंपरा जाहीर झाल्या होत्या, त्या सगळ्या 2008 मध्ये एकदम प्रातिनिधिक यादीत घेतल्या. केरळातलं कुडियाट्टम हे संस्कृत नाट्य त्यातलंच एक. हे ठाऊक असलं की पुढचा शोध सोपा जातो.

आता कागद कसे वाचायचे ते एका पानावरून सांगते. इंडोनेशियातल्या पापुआमधली नोकेन ही गाठी मारून विणलेली पिशवी 2012 मध्ये तातडीच्या यादीत आली. झुडपांच्या फांद्या, खोडं किंवा साल कापायची, विस्तवावर शेकायची, पाण्यात भिजत घालायची. मागे उरलेला तंतू वाळवून त्याचा पीळदार दोरा करायचा, हवा तर झाडपाल्याच्या रंगात रंगवायचा आणि मग हाताने एकेक गाठ मारत पिशवी विणत न्यायची. त्यात शेतमाल जातो, जळण जातं, तान्हं मूलही जातं. व्हिडिओत हे सगळं दिसतं. पण ही कला मागे का पडतेय, कारखान्यातल्या पिशव्यांनी काय केलं, शिकवणारे कुठे कमी पडतायत आणि त्यावर सरकार व तिथले लोक मिळून काय करणार, हे वाचायला अर्जच उघडावा लागतो. तातडीच्या यादीच्या अर्जात जपणुकीचा आराखडा द्यावाच लागतो: कोण काय करणार, केव्हा करणार, पैसा कुठून येणार. आमच्यासारख्या लहान गटांना याहून चांगला अभ्यासक्रम नाही. आराखडा कसा लिहायचा हे मी अशाच अर्जांवरून शिकले आणि आजही नवीन काम हाती घेतलं की आधी असे दोन-चार अर्ज काढून वाचते.

संमतीपत्रं बहुतेक जण उघडतच नाहीत. माझी मात्र ती सगळ्यात आवडती जागा. ही परंपरा ज्यांची आहे त्या लोकांनी, पूर्ण माहिती घेऊन, कुणाच्या दडपणाशिवाय आणि आधीच होकार दिला पाहिजे, अशी नोंदणीची अट आहे. होकार लेखी चालतो, ध्वनिमुद्रित चालतो, आणखी कुठल्या रीतीनेही चालतो. काही फायलींत माणसांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं असतं, आपण हे कुणाकडून शिकलो, आपल्याला काय हवंय. काही फायलींत मात्र एकच छापील मजकूर आणि खाली वेगवेगळ्या सह्या. दुसऱ्या प्रकारची फाइल समोर आली की मी तो अर्ज जरा सावधपणे वाचते. त्या सह्यांमागचे लोक बैठकीला होते का, त्यांना काय सांगितलं गेलं, हे अशा कागदावरून कळत नाही. 2015 मध्ये समितीने जपणुकीसाठी 12 नैतिक तत्त्वं मंजूर केली. आपला वारसा जपण्यात मुख्य वाटा त्या त्या समाजाचाच, हे त्यातलं पहिलंच तत्त्व. संमतीपत्रं वाचताना ही तत्त्वं शेजारी उघडून ठेवावीत असं माझं सांगणं आहे.

शोधण्याची सोय चांगली आहे. देश, साल, यादी अशी गाळणी लावता येते. मी मात्र विषयाने शोधते, कारण दोन दूरच्या ठिकाणचं सारखं काही समोर आलं की शिकायला खूप मिळतं. उदाहरण द्यायचं तर शिट्टीची भाषा. स्पेनच्या ला गोमेरा बेटावर डोंगरदऱ्यांपलीकडे शिट्ट्यांनी बोलतात. स्पॅनिशमधल्या पाच स्वरांसाठी दोन वेगळ्या शिट्ट्या आणि व्यंजनांसाठी चार, एवढ्यावर सगळं बोलणं चालतं. 1999 पासून ती तिथल्या शाळांत शिकवली जाते आणि 2009 मध्ये ती प्रातिनिधिक यादीत आली. काळ्या समुद्राच्या बाजूला तुर्कस्तानच्या डोंगराळ भागातही शिट्टीची भाषा आहे. ती 2017 मध्ये यादीत आली, पण तातडीच्या. मोबाइल हातात आल्यावर दरीपलीकडे शिट्टी घालायची गरजच उरली नाही, हे कारण त्या नोंदीत स्पष्ट दिलंय. ही दोन पानं शेजारी शेजारी उघडून वाचा. एकीकडे शाळेने भाषा हातात धरली, दुसरीकडे ती शेतातल्या आणि घरातल्या गरजेवरच उभी होती आणि ती गरजच हलली. कुठल्याही लहान भाषेसाठी काम करणाऱ्याला यातून केवढं तरी मिळतं.

साइटवर याच माहितीचं एक चित्ररूपही आहे. परंपरा ठिपक्यांसारख्या पसरलेल्या दिसतात आणि समान विषयांच्या रेघांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. कुठल्या परंपरेला कशाचा धोका, कुठली परंपरा कुठल्या निसर्गाशी बांधलेली, असंही बघता येतं. मुलांना दाखवायला हे फार छान. अभ्यासाला बसायचं तर मी साध्या यादीवरच परत येते.

देशांनी मिळून केलेलं काम बघायचं तर सामायिक अर्ज वाचावेत. पाळीव ससाण्यांनी शिकार करण्याची परंपरा 2010 मध्ये 11 देशांनी मिळून नोंदवली. 2012 मध्ये देश 13 झाले, 2016 मध्ये 18, 2021 मध्ये 24. मंगोलिया, आयर्लंड, पाकिस्तान आणि संयुक्त अरब अमिराती एकाच अर्जात. इतक्या देशांतल्या पक्षी पाळणाऱ्यांना एका मजकुरावर आणायचं म्हणजे किती पत्रव्यवहार झाला असेल! 2018 ची कोरियन कुस्तीची नोंद तर मी प्रत्येकाला वाचायला लावते. उत्तर आणि दक्षिण कोरियाचे अर्ज वेगवेगळे होते. मॉरिशसमधल्या पोर्ट लुईच्या बैठकीत समितीने ते एकत्र करून एकच नोंद केली, दोन्ही कोरियांची पहिली सामायिक नोंद. 2020 मध्ये कुसकुस अल्जीरिया, मॉरिटानिया, मोरोक्को आणि ट्युनिशिया यांनी मिळून नोंदवलं. पदार्थ कुणाचा यावर शेजाऱ्यांत वाद असूनही चौघांच्या सह्या एका अर्जावर आल्या, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

एक गोष्ट बातम्यांमध्ये नेहमी उलटी छापून येते. यादीत नाव आलं म्हणजे मालकी मिळाली, हे खरं नाही. हा करार कुणालाही हक्क देत नाही आणि कुणाचा हिरावूनही घेत नाही. म्हणूनच तीच परंपरा दुसरा देशही नोंदवू शकतो, किंवा आधीच्या नोंदीत येऊन सामील होऊ शकतो.

आता उणिवा. पहिली आणि मोठी म्हणजे भाषा. अर्ज इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये करावा लागतो. ज्या आजीने गाठी मारायला शिकवलं, तिला तिच्याच कलेवरचा अर्ज वाचता येत नाही. मूळ भाषेतला अर्जही सोबत ठेवणं सक्तीचं करायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. दुसरी उणीव याद्यांच्या तोलाची. एकूण नोंदी 700 च्या पुढे गेल्या, पण तातडीच्या यादीत त्यातला जेमतेम दहावा हिस्सा. देशांना मिरवायला प्रातिनिधिक यादी बरी वाटते. तातडीच्या यादीत नाव घालणं म्हणजे आमच्याकडे काहीतरी मरतंय हे कबूल करणं. त्यामुळे साइट चाळताना सगळीकडे उत्सवच उत्सव दिसतो आणि ज्यांना खरी मदत हवी त्या परंपरा मागच्या पानांवर राहतात. मी नव्या माणसाला नेहमी तातडीच्या यादीपासून सुरुवात करायला सांगते.

निर्णयांचा विभाग रुक्ष दिसतो, तरी वाचावा. 12 जणांचं मूल्यमापन मंडळ आधी अर्ज तपासून शिफारस करतं. त्यात सहा तज्ज्ञ आणि सहा बिगरसरकारी संस्था असतात. अंतिम निर्णय 24 देशांच्या समितीचा. मंडळाने माहिती अपुरी म्हणून परत पाठवावं असं सुचवलेले अर्जही समितीने मंजूर केल्याची उदाहरणं आहेत, आणि शिफारस व निर्णय दोन्ही प्रसिद्ध असल्याने आपल्याला ते ताडून बघता येतं. हा उघडेपणा मला फार महत्त्वाचा वाटतो. नाव काढूनही टाकता येतं: बेल्जियममधल्या आल्स्टचा कार्निव्हल वंशद्वेषी आणि ज्यूद्वेषी चित्रणामुळे डिसेंबर 2019 मध्ये बोगोटाच्या बैठकीत यादीतून काढला गेला. असं पहिल्यांदाच घडलं.

पैशाबद्दलही वाचायला मिळतं. देशांच्या वर्गणीतून निधी उभा राहतो. सदस्य देशाची ही वर्गणी त्याच्या युनेस्कोच्या नियमित वर्गणीच्या 1 टक्क्याहून जास्त ठेवता येत नाही. त्या निधीतून देश जपणुकीच्या कामासाठी मदत मागू शकतात. 1,00,000 अमेरिकी डॉलरपर्यंतची मागणी समितीच्या कार्यकारी मंडळापुढे जाते आणि त्यासाठी वार्षिक बैठकीची वाट बघावी लागत नाही. कुठल्या कामाला किती मदत मिळाली हेही साइटवर आहे. मात्र अर्ज देशाकडूनच जातो. गावातल्या मंडळाने थेट मागून मिळत नाही, तेव्हा आधी आपल्या सरकारी खात्याचं दार ठोठवायची तयारी ठेवा.

शेवटी अहवाल. प्रातिनिधिक यादीतल्या परंपरांचं पुढे काय झालं ते देशांना दर सहा वर्षांनी कळवावं लागतं, तातडीच्या यादीतल्यांचं दर चार वर्षांनी. व्हिएतनामच्या फू थो प्रांतातलं स्वान (Xoan) गायन 2011 मध्ये तातडीच्या यादीत होतं. वसंतात देवळांपुढे गायची ही गाणी, चार मूळ गायक मंडळांनी सांभाळलेली. प्रत्येक मंडळाचा म्होरक्या शिष्य निवडतो, गाणी शिकवतो, तालीम घेतो. म्हाताऱ्या गायकांनी तरुणांना शिकवलं, नवीन गट उभे राहिले आणि 2017 मध्ये ते तातडीच्या यादीतून काढून प्रातिनिधिक यादीत आणलं गेलं. 2011 चा अर्ज आधी वाचा, मग 2017 चा निर्णय. या साइटवर एकच संध्याकाळ घालवणार असाल तर ती या दोन कागदांवर घालवा, आणि व्हिडिओ नंतर बघा.