लहान पक्षाच्या उमेदवाराला वेळेत पत्रकं देणारा छापखाना

बसस्टँडमागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून एक जुना ऑफसेट छापखाना आहे. लग्नपत्रिका आणि बिलबुकं ही त्यांची नेहमीची कामं. २०२४ च्या विधानसभेला आमच्या ताई नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाकडून उभ्या होत्या. मी त्यांचा निवडणूक प्रतिनिधी, खर्चाची वहीही माझ्याच हातात. प्रचाराचं सगळं छापकाम इथेच केलं, म्हणून लिहितोय.

मोठ्या पक्षांचं चिन्ह ठरलेलं, त्यामुळे त्यांचे गठ्ठे दिवाळीआधीच बांधून तयार असतात. आमचा पक्ष राज्यातल्या पाच टक्के जागाही लढवत नव्हता, म्हणून सामायिक चिन्ह, म्हणजे पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना एकच चिन्ह, नाही. ४ नोव्हेंबरला दुपारी माघारीची मुदत संपली, मग चिन्हवाटप झालं आणि आम्हाला शिलाई मशीन मिळालं. १८ च्या संध्याकाळी प्रचार बंद होणार. भाऊबीज आदल्याच दिवशी झालेली, कारागीर अजून गावाकडे. फोन करावा त्या प्रेसवाल्याचं एकच उत्तर: "आता आठ दिवस काही होणार नाही." इथल्या काकांनी, म्हणजे छापखान्याच्या मालकांनी, फक्त विचारलं, "चिन्ह काय मिळालं?" आणि रात्री मुलाला घेऊन स्वतः मशीनवर उभे राहिले. एका मोठ्या पक्षाचं कामही त्यांच्याकडे आलं होतं, पण ते आमच्यानंतर आलेलं. त्यांनी आमचं आधी उरकलं. लहान उमेदवाराला असं कुणी रांगेत उभं राहू देतं, हेच मुळात दुर्मीळ आहे.

पहिलं प्रूफ मॅपलिथोवर (साध्या छपाईच्या कागदावर) काढलं तेव्हा चिन्हाच्या बारीक रेषा उडाल्या. सुई दिसेना, चाकाचा नुसता डाग. काकांनी डीटीपीवाल्या मुलीशेजारी बसून रेषा जाड करून घेतल्या, पण आकार तसूभर बदलू दिला नाही. "मतदान यंत्रावर दिसणार तेच कागदावर दिसलं पाहिजे," म्हणाले. नवी प्लेट लावली, तिचे जादा पैसे घेतले नाहीत.

नमुना मतपत्रिकेच्या वेळी त्यांचा अनुभव खरा कळला. यंत्रावर मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी, मग आमच्यासारखे, शेवटी अपक्ष. ताई बऱ्याच खाली होत्या, म्हणून मतदाराला जागा दाखवणं आम्हाला फार गरजेचं. विधानसभेची खरी मतपत्रिका गुलाबी असते, नमुना त्या रंगाचा चालत नाही. आमच्या एका कार्यकर्त्याने तोच कागद मागितला, तर काकांनी रिम उघडूच दिलं नाही. पिवळ्यावर छापलं, आणि दुसऱ्या कुणाचं नाव किंवा चिन्ह त्यावर येऊ दिलं नाही.

कायद्याच्या बाबतीतही माणूस पक्का. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-क प्रमाणे पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रकाशकाचं घोषणापत्र, त्यावर ओळखीच्या दोघांच्या सह्या, हे सगळं हातात पडल्याशिवाय त्यांनी मशीन चालू केलं नाही. तेव्हा मला घाई होती, तरी त्यांचंच बरोबर होतं. जिल्हाधिकारी कार्यालयाला प्रती पाठवायचं कामही त्यांनी न सांगता केलं.

दर: एकरंगी ए-फाइव्ह पत्रक हजारी ५५० रुपये. आम्ही २०,००० छापली, म्हणजे ११,०००. निवडणुकीत एका दुकानाला दहा हजारांवर रोख देता येत नाही, तेव्हा चेकने किंवा बँकेतूनच पैसे द्यावे लागतात. काही ठिकाणी चेक म्हटलं की चेहरा पडतो. इथे पक्कं बिल लगेच मिळालं. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो, हरलेल्यालाही. ताईंचं डिपॉझिट गेलं, पण छपाईच्या एकाही बिलावर खर्च विभागाने शंका काढली नाही.

फ्लेक्स मात्र इथे देऊ नका. ते बाहेरून करून आणतात. आमचे उशिरा आले, रंग फिके आणि कडेच्या रिंगा दोनच दिवसांत निघाल्या. काका फोनही क्वचित उचलतात, समोर जाऊनच काम होतं. जाताना चिन्हवाटपाचा कागद, सह्यांसाठी ओळखीची दोन माणसं आणि चेकबुक बरोबर न्या.