दिठी: अडलेली गाय, अडलेलं घर

सुमित्रा भावे यांचा ‘दिठी’ हा सिनेमा साधारण दीड तासाचा आहे. एक गाव, एक लोहार, कोसळता पाऊस, पोथीला जमणारी चार माणसं आणि अडलेली एक गाय, एवढ्याच ऐवजावर तो उभा आहे. रामजी लोहाराने तीस वर्षं वारी चुकवलेली नाही. त्याचा तरणा मुलगा पाण्यात बुडून जातो. मागे राहिलेल्या सुनेला मुलगी होते, आणि रामजीचं दुःख रागाचं रूप घेऊन त्या बाळंतिणीवरच उलटतं. घर एकच, छप्पर एकच, पण दोघांत भिंत उभी राहते.

कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना या सिनेमातला पाऊस शोभेसाठी पाडलाय असं वाटणार नाही. ज्या पाण्यानं पोरगा नेला तेच पाणी रात्रंदिवस कौलांवर वाजत राहतं. वारीचंही तसंच. पंढरपूर गाठता न येणारी कितीतरी माणसं आषाढीला इथून जवळच्या नंदवाळला, म्हणजे प्रतिपंढरपूरला, चालत जातात. त्यांच्यापैकी कुणालाही विचारा, तीस वर्षं वारी करणाऱ्याच्या मनात ‘माझ्याच घरी का?’ हा प्रश्न किती खोल रुतत असेल ते सांगतील.

मूळ कथा दि. बा. मोकाशींची, ‘आमोद सुनासि आले’. हे शब्द ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’तले, नवव्या प्रकरणाच्या आरंभीचे. सुगंधालाच नाक फुटलं, ऐकण्यालाच कान आले, आरसाच डोळा होऊन उठला, असा त्यांचा रोख. बघणारा आणि दिसणारं यांच्यातलं अंतर मिटतं. सिनेमाचं नावही त्याच्याशी जुळतं: दिठी म्हणजे दृष्टी. कथेत हे सगळं रामजीला पोथीतून कळत नाही. कळतं ते गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घातल्यावर. सिनेमाचं बळही तिथेच आहे.

म्हणून गाय अडल्याचा प्रसंग नीट बघा. गाय व्यायला लागली की आधी पाणमोट, म्हणजे पाण्याची पिशवी, दिसते, मग पुढचे दोन खूर, आणि त्यांच्यावर टेकलेलं नाक. खुरांचे तळवे खाली असतील तर वासरू सरळ आहे. तळवे वर असतील तर बहुधा मागचे पाय आधी येताहेत. एक पाय गुडघ्यात दुमडला किंवा मान कुशीकडे वळली की गाय अडते. अशा वेळी नुसतं ओढलं तर वासरू दगावू शकतं आणि गाईचं गर्भाशय फाटू शकतं. दोन कळांच्या मधे वासराला आधी आत सारावं लागतं, म्हणजे पाय सरळ करायला जागा होते. खूर तळहातात झाकून पुढे आणायचा, नाहीतर त्याची धार आत लागते. मग कळ येईल तेव्हाच ओढायचं, कळ थांबली की हातही थांबवायचा. डोकं आणि खांदे मोकळे झाले की ओढ खाली, गाईच्या मागच्या पायांच्या दिशेनं. गोठ्यात वाढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. ज्याला ठाऊक नाही त्यानं एवढं वाचून सिनेमाला बसावं, म्हणजे किशोर कदम यांचा खांदा, मान आणि श्वास काय सांगताहेत ते कळेल. आतलं काहीच कॅमेऱ्याला दिसत नाही. सगळं बाहेरच्या शरीरावरूनच वाचायचं. (घरची गाय अडली तर मात्र सिनेमाच्या भरवशावर राहू नका. पाणमोट फुटून तासभरात काही पुढे सरकलं नाही तर पशुवैद्यकाला बोलवा, १९६२ हा क्रमांक त्यासाठीच आहे. आणि वार, म्हणजे वासरामागून पडणारा जार, बारा तासांत पडली नाही तर ओढून काढू नका.)

हे काम लोहारानं करणं फार अर्थाचं आहे. तापलेल्या लोखंडावर किती जोर लावायचा आणि घाव कधी आवरायचा, हे त्या हातांना ठाऊक असतं. कळ आणि ओढ यांचा ताल तोच. ज्या हातांना पोरगा पाण्यातून काढता आला नाही, ते हात एक जीव बाहेर काढतात. नंतर रामजी जे समजतो ते त्याला शब्दांत सांगायची गरजच उरत नाही.

किशोर कदम, म्हणजे कवी सौमित्र, यांनी रामजीला आक्रोशाऐवजी जडपणा दिला आहे. ओल्या घोंगडीचं ओझं घेऊन माणूस वावरावा तसे ते वावरतात. मोहन आगाशे, दिलीप प्रभावळकर, गिरीश कुलकर्णी, शशांक शेंडे, अमृता सुभाष, उत्तरा बावकर अशी मोठी नावं असूनही कुणी आपली जागा सोडून पुढे येत नाही. थोड्या पैशांतल्या सिनेमाला याचा फार आधार असतो. जागा मोजक्या, रात्र आणि पाऊस कायम, अशा वेळी माणसं खरी वाटली नाहीत तर झाकायला दुसरं काहीच हाताशी नसतं.

दोन गोष्टी खटकतात. पोथीच्या बैठकीत अर्थ जरा जास्त सांगितला जातो. मृत्यू, आत्मा, अद्वैत यांची चर्चा आधीच इतकी होते की गोठ्यातला क्षण काही प्रेक्षकांना तिचं उत्तर वाटेल, आणि त्याची धार तेवढी कमी होईल. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. सून विधवा झाली आहे, अंगावर पितं लेकरू आहे, आणि सासऱ्याच्या रागाची धनी तीच. त्या भूमिकेत अंजली पाटील थोड्या वेळात खूप काही देतात, पण सिनेमा तिच्या दुःखापाशी हवा तेवढा थांबत नाही. घर सांधायचं तर ते दोन्ही बाजूंनी सांधावं लागतं. इथे टाके बहुतेक रामजीच्याच बाजूनं पडतात.

सुमित्रा भावे १९ एप्रिल २०२१ ला गेल्या आणि २१ मे रोजी हा सिनेमा सोनी लिव्हवर आला. म्हणजे तो बहुतेकांनी घरीच पाहिला, आणि घरी तो बिघडायला वेळ लागत नाही. टीव्ही दुकानातल्या भडक चित्रावर ठेवलेला असेल तर मंद उजेडातले चेहरे निळसर पडतात आणि अंधार करडा दिसतो. सेटिंगमध्ये जाऊन ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ निवडा. हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद करा, त्यानं पाऊस मालिकेसारखा दिसतो. खोलीतला दिवा मालवा. टीव्हीच्या बारीक स्पीकरमध्ये पाऊस आणि संवाद एकमेकांत मिसळतात. हेडफोन लावा, नाहीतर एखादा बरा स्पीकर जोडा. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर हेडफोनला पर्याय नाही. मोबाइलवर, जेवताना, तुकड्यातुकड्यांनी बघायचा असेल तर नकोच. पहिली वीस मिनिटं संथ आहेत आणि ती सलग बसूनच अंगात उतरतात.

कथा आधी वाचू नका, नंतर वाचा. कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरात किंवा जवळच्या कुठल्याही जुन्या वाचनालयात मोकाशींचे संग्रह मागून बघा, आणि हाती लागली तर त्यांची ‘पालखी’ही घ्या. रामजी तीस वर्षं ज्या वारीला चालला ती वारी तिच्यात आहे. मग सिनेमा पुन्हा लावा, आणि या खेपेला रामजीवरची नजर काढून सुनेवर ठेवा.